घट्ट धरा, आता सोडा

आमच्या प्रकाशा गावाला माणसं येतात ती काही ना काही सोडायला. तापी-गोमाईच्या संगमावर कोणी अस्थी सोडतं, कोणी पाणी सोडतं, कोणी द्रोणात दिवा ठेवून सोडतं. गावाला दक्षिण काशी म्हणतात. उत्तरेतली काशी करून आलेला माणूसही इथं येऊन केदारेश्वरापुढे डोकं टेकवतो, त्याशिवाय त्याची यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. काशीला गेलं की एखादी आवडती वस्तू सोडायची असते. आमच्या ओळखीतले बहुतेक जण कारलं सोडून आलेत.

अशा गावात जन्मून मी विमान सोडलं. तेही हवेत असताना.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. दहा हजार फुटांवरून उडी. त्यातली पस्तीस सेकंदं नुसतं पडणं, मग पाचेक मिनिटं छत्रीखाली लोंबकळणं. त्या पस्तीस सेकंदांची गोष्ट मी नऊ वर्षं सांगतोय आणि ती दर वर्षी साधारण पाच मिनिटांनी वाढते. बायकोला ती पाठ आहे. मी कुठं चुकलो तर स्वयंपाकघरातून दुरुस्ती येते.

गावाने मात्र या पराक्रमाची जी दखल घेतली ती अशी. चहाच्या टपरीवरच्या काकांनी विचारलं, "पैसा दीसन उडी मारी का रे भो?" मी म्हटलं, हो, पैसे देऊन. त्यांनी गाळणं ग्लासावर आपटलं आणि माझ्या चहाचे पैसे आधी मागितले. वडिलांचा प्रश्न आणखी थेट होता.

"विमान बिघडलं होतं का?"

"नाही, तात्या."

"मग?"

या "मग?"चं उत्तर मी अजून शोधतोय. ते जगातल्या कुठल्याच स्कायडायव्हरला सापडलेलं नाही, एवढंच समाधान.

खरं तर या वेडाची सुरुवात विमानातून झालीच नाही. ती आमच्या धाब्यावरून झाली. खानदेशातली जुनी मातीची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, हे सांगायला नको. कापूस वेचून झाला की दर चांगला येईपर्यंत तो घरातच पडून असायचा, आणि पडवीत मावला नाही की अंगणात यायचा. एका दुपारी मी आजीची काळी छत्री घेतली, धाब्याच्या कडेला उभा राहिलो आणि पांढऱ्या सोन्याच्या ढिगावर झेपावलो. छत्रीने तिसऱ्याच क्षणाला माझी बाजू सोडली आणि ती उलटी झाली. मी कापसात गळ्यापर्यंत रुतलो. आजी बाहेर आली. तिने आधी छत्रीकडे पाहिलं, मग कापसाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. क्रम लक्षात घ्या. "मना छत्रीनी काडी मोडी टाकी," ती म्हणाली. पुढची अनेक वर्षं मी काहीही मागितलं की आधी छत्रीचा विषय निघायचा.

मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की माझी चूक अगदी ऐतिहासिक होती. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरें नावाचा गृहस्थ फुग्यातून वर गेला, दोर कापला आणि कापडाच्या छत्रीला टांगलेल्या टोपलीतून खाली आला. उतरताना ती टोपली घड्याळाच्या लंबकासारखी अशी हेलकावत होती की बघणाऱ्यांचे श्वास अडकले. कारण साधं होतं. छत्रीत कोंडलेल्या हवेला वर वाट नव्हती, म्हणून ती एकदा या कडेने निसटायची, एकदा त्या. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवायला लागले आणि झोके थांबले. म्हणजे छत्रीला भोक पडल्याने माणसाचं भलं झालं, असं हे जगातलं पहिलंच उदाहरण. मी हे आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तू काडी मोडी व्हती, भोक नई पाडं."

आता लोक मला विचारतात, भीती नाही वाटली? मी त्यांना सांगतो की माझं प्रशिक्षण नंदुरबार-शहादा रस्त्यावर झालंय. कॉलेजची तीन वर्षं मी काळी-पिवळी जीपने गेलो. तिच्या कागदावर जेवढी माणसं लिहिलेली असत तेवढी पहिल्या थांब्यालाच भरायची. मग ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक बसायचा, म्हणजे ड्रायव्हर गाडीच्या मधोमध आणि स्टिअरिंग शेजाऱ्याच्या मांडीवर. आम्ही विद्यार्थी मागच्या पायरीवर. एका हाताने टपावरची लोखंडी पट्टी धरायची, दुसऱ्या हाताने वह्या. प्रकाशाच्या पुलावर तापीवरचा वारा आला की शर्टाची छत्री व्हायची. किन्नर टपावर थाप मारून ओरडायचा, "मागचे, घट्ट धरा!" सुरक्षेच्या सूचना तिथंच संपायच्या.

याच जीपमध्ये पुढच्या सीटवर कोंबडीची पाटी मांडीवर घेऊन बसलेले काका आज मला म्हणतात, "विमानातून उडी? आपल्याला नाही बाबा जमणार, जीव आहे माझा एक."

आता उडी. आधी एक फॉर्म. त्यात वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट पंधरा वेळा लिहिलेली होती की काही झालं तर जबाबदार मी. मग आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. मी हे काउंटरवरच्या मुलीला अभिमानाने सांगितलं. तिने झेरॉक्सवर सही करायला सांगितली. अशा रीतीने आधार जमा करून मी निराधार अवस्थेत विमानाकडे निघालो.

वाटेत शेडमध्ये एक पोरगा जमिनीवर गुडघे टेकून पॅराशूटची घडी घालत होता. दोऱ्या सरळ करायच्या, कापडाचे पदर एकावर एक बसवायचे, अंगाखाली दाबून हवा काढायची आणि तो सगळा पसारा उशीएवढ्या पिशवीत कोंबायचा. लग्नाच्या हंगामात आमच्याकडे शालूच्या घड्या अशाच घालतात. पोरगा तोंडाने काहीतरी चघळत होता आणि कानात गाणी लावलेली होती. मला अचानक त्याची फार काळजी वाटायला लागली. जेवला असेल का हा? रात्री झोप झाली असेल ना? घरी भांडण वगैरे? माझ्या सख्ख्या भावाची मी इतकी विचारपूस कधी केलेली नाही.

तसे ज्याच्याशी बांधून घेऊन आपण उडी मारतो त्या उस्तादाच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात. एक रोजचं, एक राखीव. शिवाय एक छोटं यंत्र असतं. ते हवेचा दाब मोजत राहतं आणि माणूस ठरलेल्या उंचीपर्यंत येऊनही दगडासारखाच पडतोय असं दिसलं की राखीव छत्री आपोआप उघडतं. हेल्मुट क्लोथ नावाच्या जर्मन माणसाने 1991 मध्ये असं भरवशाचं यंत्र बाजारात आणलं आणि त्यानंतर कित्येकांचे प्राण वाचले. माणूस घाबरला, बेशुद्ध पडला, विसरला, तरी यंत्र विसरत नाही. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुझी गरज काय तिथं?"

विमान लहान, दार काढून ठेवलेलं. आत खुर्च्या नाहीत. मार्केट यार्डात निघालेल्या गोण्यांसारखे आम्ही एकमेकांच्या तंगड्यांत तंगड्या घालून बसलो. माझा उस्ताद माझ्या पाठीला चिकटून. खांद्याला दोन आणि कमरेला दोन अशा चार हुकांनी त्याने मला स्वतःला जोडून घेतलं, एकेक हुक ओढून पाहिला, मग परत ओढून पाहिला. सूचना दोनच. पहिली: उडी मारताना अंगाची केळी कर. छाती पुढे, पाय मागे, मान वर. मी शहादा तालुक्याचा. केळी कशी असते हे मला शिकवणारा तो पहिलाच. दुसरी: छातीवरचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धर, आणि मी खांद्यावर टिचकी मारली की सोड.

दारात पाय बाहेर काढून बसलो. खाली शेतं गोधडीच्या तुकड्यांसारखी. पुढचं आठवत नाही. एकदम वारा. फार मोठा वारा, पुलावरच्या जीपच्या चौपट. पोटात गोळा येईल म्हणून मी तयार होतो. तो आलाच नाही. गोळा येतो तो जत्रेतल्या पाळण्यात. इथं विमान आधीच वेगात असतं आणि जवळपास बघायला काही नसतं, त्यामुळे पडतोय असं वाटतच नाही, हवेच्या गादीवर पालथं झोपवल्यासारखं वाटतं. दहा-बारा सेकंदांत ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग होतो. मग हवेचा रेटा आणि आपलं वजन यांची तडजोड होते आणि वेग वाढायचा थांबतो. महागाईला ही सोय नाही.

खांद्यावर टिचकी बसली. मी सोडलं नाही. दुसरी बसली. तरी नाही. शेवटी कानात आरोळी आली, "अरे सोड!"

मी विचार केला, जन्मापासून मला सगळ्यांनी एकच सांगितलंय. मायचं बोट घट्ट धर. यात्रेत पिशवी घट्ट धर. जीपची पट्टी घट्ट धर. लागलेली नोकरी तर फारच घट्ट धर. हा पहिला माणूस, जो सोड म्हणतोय. मी हात सोडले. दोन्ही हात आपोआप पसरले, आणि मला वाटलं, कावळ्याला रोज हे फुकट मिळतं!

घरी व्हिडिओ दाखवला. वाऱ्याने माझे गाल कानापर्यंत गेलेले. आत्या म्हणाली, बरा दिसतोस, भरल्यासारखा. मग मी तिला शीतल महाजनांचा फोटो दाखवला. पुण्याच्या या बाईंनी आयुष्यातली पहिली उडी मारली तीच मुळी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंश थंडीत. लोक पोहायला शिकताना आधी कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, यांनी सुरुवातच डोहातून केली. पुढे दक्षिण ध्रुव झाला, 2011 मध्ये पद्मश्री झाली, आणि 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली. ध्रुवाने आत्यावर काही परिणाम झाला नव्हता. नऊवारी म्हटल्यावर तिने चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"कासोटा पक्का घातलाय," ती शेवटी म्हणाली. "पण पिना किती लावल्या असतील गं बाई!" पॅराशूटचे पट्टे, हुक, राखीव छत्री यांबद्दल तिला एकही शंका नव्हती. तिच्या मते मुख्य सुरक्षा साधन ते नव्हतंच.

तापीवर जाळी टाकणाऱ्या एका भाऊंना मी ल्यूक एकिन्सची गोष्ट सांगितली. या अमेरिकन माणसाने 30 जुलै 2016 रोजी पंचवीस हजार फुटांवरून पॅराशूटशिवाय उडी मारली आणि तो खाली ताणलेल्या शंभर बाय शंभर फुटांच्या जाळ्यात येऊन पडला. जिवंत. भाऊंनी हातातलं काम थांबवलं. त्यांच्या प्रश्नांत उंची नव्हती, वेग नव्हता. जाळ्याचा दोरा कसला? फासा केवढा? टोकं कशाला बांधली होती? आणि मग, जरा विचार करून, "त्याने पडायचं ठरवलं, ठीक. पण जाळं धरून बसलेल्यांचं नाव काय?" मला ते माहीत नव्हतं. पराक्रमाच्या बातम्यांत जाळंवाल्यांची नावं शोधायला मी तेव्हापासून लागलो.

टपरीवर विमानाचा विषय निघाला की एक जण ठरलेला: "विमान आपणच शोधलं!" शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट मराठी माणसाला प्यारी आहे. पण त्याचा खात्रीचा पुरावा नाही, आणि ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला देतात त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये दाखवून दिलं. मी हे सांगितलं की टपरीवर शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, "मंत्र म्हटला नसेल त्यांनी."

मी म्हणतो, एवढं मागे कशाला जाता? कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. सहा जण बसतील असं. 2016 मध्ये ते प्रदर्शनासाठी क्रेन लावून खाली उतरवावं लागलं, कारण लिफ्टमध्ये मावेना. आणि पुढे 2020 मध्ये त्याची चाचणी झाली ती आपल्या खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर. हे ऐकून गावातली दोन पोरं खरंच पेटली होती. त्यांनी घरी गच्ची मागितली. माय म्हणाली, बिबडे वाळेपर्यंत नाही. उन्हाळाभर बिबडे, मग पापड, मग कुरडया, तोवर पावसाळा. खानदेशातलं विमानविद्येचं मागासलेपण कशामुळे, यावर कोणी प्रबंध लिहिणार असेल तर हा मुद्दा माझ्या नावावर टाकावा.

आता आमच्या घरातलं यंत्रयुग. आधी काकांची अॅम्बेसेडर होती. ती बिघडली की शहाद्याचा मिस्तरी बॉनेटवर कान टेकवायचा, डोळे मिटायचा आणि वैद्याने नाडी पाहावी तसा म्हणायचा, "कार्बोरेटर." हातोडी, तार आणि साबणाचा तुकडा एवढ्यावर ती सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन यायची. तिथं घोडा घेणारे लोक जनावराचे दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात. आम्ही गाडी लावून परत आलो की चारही चाकं आहेत का ते बघायचो.

गेल्या वर्षी तात्यांनी नवी गाडी घेतली. ही गाडी बोलते. रस्त्यावरचे पट्टे ओळखते आणि आपण पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरवते. हंगामात आमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, मागे उसाची टोकं शेपटीसारखी हलत. गाडीच्या कॅमेऱ्याने एकदा ते एक लोंबकळतं कांडं पाहिलं आणि करकचून ब्रेक मारला. मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने बैल वेळेवर आवरले. त्याच्या गाडीला कॅमेरा नव्हता, पण बैलांना डोळे होते.

तात्यांचं आणि गाडीचं खरं भांडण मात्र सीट बेल्टवरून. बेल्ट लावला नाही की ती टुंग टुंग करते. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी. ही कोण मला सांगणारी?" असं म्हणून त्यांनी बाजारातून नुसती क्लिप आणली. बेल्टाशिवायचं टोक. ते खाचेत खोचलं की गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. विकणाऱ्या वेबसाइटना सरकारने 2023 मध्ये अशा क्लिपा काढायला लावल्या, पण तात्यांच्या दुकानदाराकडे जुना माल होता. माणसाचा जीव वाचावा म्हणून इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलं, आणि त्यावर खानदेशी उतारा निघाला पन्नास रुपयांत!

लाजेची गोष्ट पुढे आहे. चार हुक, दोन छत्र्या आणि एक जर्मन यंत्र असल्याशिवाय पाय न उचलणारा मी, तसलीच दुसरी क्लिप माझ्या बाजूला लावून वर्षभर फिरलो. तात्यांना कशाला दुखवायचं, हे कारण. बेल्टाने शर्ट चुरगळतो, हे खरं कारण.

1954-55 मध्ये पुरातत्त्व खात्याने प्रकाशाचं टेकाड खणलं, तेव्हा थरावर थर निघाले. सगळ्यांत खाली ताम्रपाषाण युगातली माणसं, दगडाची बारीक पाती आणि थोडं तांबं वापरणारी. त्यांच्या वरच्या थरात लोखंडवाले. प्रत्येक थरातल्या म्हाताऱ्यांनी वरच्या थराकडे बघून मान हलवली असणार. आणखी तीन हजार वर्षांनी कोणी आमचा थर खणला तर त्याला या क्लिपा सापडतील. पट्टा नाही, नुसतंच टोक. तो बिचारा लिहील: धार्मिक उपयोगाची वस्तू असावी.

मागच्या मार्गशीर्षात आजी गेली. शंभरीला टेकलेली. दहाव्याला सगळे संगमावर जमलो. गुरुजी सांगत होते, पाणी सोडा. मी अंगठ्यावरून पाणी सोडत होतो. पिंड ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत मागे सरकले.

कावळा येईना. झाडावर सात-आठ बसलेले, पण एकही खाली उतरेना. मामा म्हणाले, धाकट्याच्या लग्नाचं राहिलं. लग्न लावू म्हणून कबूल केलं. कावळा नाही. आत्या म्हणाली, वाटणीचं मिटवू. दोन काकांनी एकमेकांकडे बघत मान डोलावली. कावळा नाही. तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. चुलतभावाने आठवण राहावी म्हणून ड्रोन आणला होता, आणि तो पिंडाच्या बरोबर डोक्यावर भुणभुणत होता. आमच्या भागात केळीवर फवारणी करणारे ड्रोन आलेत, कावळ्यांना ते नवीन नाहीत. पण जेवताना डोक्यावर पंखा कोणाला आवडेल?

ड्रोन उतरवला. तरीही कावळा फांदीवरच. मग मी हात जोडले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "आजी, काडी मीच मोडली."

एक कावळा निघाला. पंख न हलवता, अंगाची केळी करून, वाऱ्यावर तिरका होत खाली आला. काय उतरला! मला तशी उतरणी अजून जमलेली नाही.

संध्याकाळी घरी निघालो. तात्या ड्रायव्हरच्या जागेवर बसले, किल्ली फिरवली. टुंग. टुंग. टुंग.

"क्लिप कुठंय?"

"सोडल्या. दोन्ही."

"कुठं? तापीत?"

"नाही. नदीत प्लास्टिक टाकू नये म्हणून बोर्ड लावलाय. टपरीच्या डब्यात टाकल्या."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझा बेल्ट ओढून लावला होता, आणि सवयीने परत ओढून बघत होतो. गाडी टुंग टुंग करतच होती. शेवटी त्यांनी पट्टा ओढला, खाच सापडेना म्हणून दोनदा चुकले, आणि तिसऱ्यांदा तो बसल्यावर म्हणाले,

"काय मग? उडी मारायची का आता?"